भंडारदरा जलाशय परिसराचे भूविज्ञान

भंडारदरा जलाशयाच्या (आर्थर सरोवराच्या) भोवतालचा प्रदेश हा दख्खन ट्रॅप खडकांच्या अभ्यासासाठी महाराष्ट्रातील एक सोयीचा व महत्त्वाचा डोंगराळ प्रदेश आहे. तो अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या मुख्य धारेलगत, प्रवरा नदीच्या उगमक्षेत्रात येतो. जलाशयाला वळसा घालणाऱ्या रस्त्याने सायकलवरून जाणाऱ्यास लाव्हाचे थर, त्यांमधील खनिजे, झिजेने तयार झालेली भूरूपे आणि सह्याद्रीचा तुटलेला पश्चिम कडा हे सर्व एकाच फेरीत पाहता येते. त्यामुळे मार्गदर्शकासह काढल्या जाणाऱ्या भूशास्त्रीय सायकल सहलींसाठी हा मार्ग उपयुक्त ठरतो. येथील प्रचंड पाऊस, भरलेला जलाशय आणि तरीही काठावरच्या वाड्यांना उन्हाळ्यात भासणारी पाणीटंचाई या तिन्ही गोष्टींचा उलगडा एकाच खडकाच्या अभ्यासातून होतो.

स्थान व प्राकृतिक रचना

जलाशयाच्या उत्तरेस कळसूबाई (१,६४६ मी.) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर आणि अलंग, मदन व कुलंग हे दुर्ग असलेली डोंगररांग आहे. नैर्ऋत्येस रतनगड असून प्रवरेचा उगम त्याच्या परिसरात होतो. पश्चिमेस घाटघर येथे पठार एकाएकी संपते व खाली कोकण दिसते. जलाशयाची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मी. उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईचा माथा पाण्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ९०० मी. उंच आहे. एवढ्या उंचीतील लाव्हाचे थर उघड्या डोळ्यांनी मोजता यावेत इतक्या स्पष्टपणे डोंगरउतारांवर उमटलेले आहेत.

पावसाचे प्रमाण पश्चिमेकडे फार जास्त आहे. घाटघर व रतनवाडीच्या पट्ट्यात वर्षाकाठी सुमारे ५,००० मि.मी. पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे जाताना तो झपाट्याने घटतो आणि पर्जन्यछायेतील संगमनेर तालुक्यात ५०० मि.मी.च्या घरात येतो. पावसाचे बहुतेक दिवस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत एकवटलेले असतात.

धरण व जलाशय

प्रवरेवरील विल्सन धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले व १९२६ मध्ये पूर्ण झाले. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या नावावरून धरणास हे नाव मिळाले. धरण चुन्यात बांधलेल्या दगडी बांधकामाचे असून त्याची उंची सुमारे ८२ मी. व लांबी सुमारे ५०७ मी. आहे. पाण्याचा दाब स्वतःच्या वजनाने तोलून धरणारे हे भारश्रित धरण असल्याने त्याच्या पायाशी भक्कम खडक असणे अत्यावश्यक होते. नदीने कठीण बेसाल्ट कापून तयार केलेल्या अरुंद खिंडीमुळे असा पाया व आखूड भिंत ही दोन्ही उद्दिष्टे साधली. १९६९ मध्ये धरणास तडा जाऊन गळती सुरू झाल्यावर भिंतीस मागील बाजूने आधारभिंती देऊन ते मजबूत करण्यात आले.

जलाशयाची साठवण क्षमता सुमारे ११ टीएमसी, म्हणजे सुमारे ३१ कोटी घनमीटर आहे. हे पाणी ओझर बंधाऱ्यावरून निघणाऱ्या डाव्या व उजव्या कालव्यांद्वारे संगमनेर, राहाता, श्रीरामपूर व राहुरी भागातील शेतीस मिळते. या भागातील ऊस व साखर कारखानदारी, विशेषतः १९५० च्या सुमारास प्रवरानगर येथे सुरू झालेला सहकारी साखर कारखाना, या पाण्यावर उभी राहिली.

भूवैज्ञानिक पार्श्वभूमी

या परिसरातील खडक दख्खन ट्रॅप या विस्तीर्ण ज्वालामुखी प्रांताचा भाग आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांमधून अतितप्त लाव्हा वारंवार बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेला. ज्वालामुखीच्या प्रचलित चित्रातील शंकूसारखा डोंगर येथे नव्हता. लाव्हा पातळ असल्याने तो दूरवर पसरला. आज हे खडक सुमारे ५ लाख चौ. किमी. क्षेत्रावर आढळतात. सह्याद्रीत त्यांची एकत्रित जाडी सुमारे २ किमी. भरते व पूर्वेकडे ती कमी होत जाते. हा उद्रेककाल आणि डायनोसॉर नामशेष होण्याचा काळ जवळजवळ एकच असल्याने या दोन घटनांच्या संबंधावर संशोधन चालू आहे.

‘ट्रॅप’ हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. लाव्हाच्या प्रत्येक थराचा कठीण भाग उभ्या कड्याच्या रूपाने टिकतो आणि मऊ भाग झिजून सपाट पायरी तयार होते. जलाशयाभोवतालच्या वाड्या व भातखाचरे बहुतांशी अशाच पायऱ्यांवर वसलेली आहेत.

भूवैज्ञानिकांनी पश्चिम घाटातील लाव्हाथरांची रासायनिक घटक व खनिजांच्या आधारे तीन उपगटांत विभागणी केली आहे : खालचा कळसूबाई उपगट, मधला लोणावळा उपगट व वरचा वाई उपगट. सर्वांत खालच्या उपगटास याच परिसरातील शिखराचे नाव दिलेले आहे. त्यात जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी व भीमाशंकर या स्तरसमूहांचा समावेश होतो. पाहणाऱ्यास सारखाच भासणारा काळा दगड प्रत्यक्षात वेगवेगळ्या काळी व वेगवेगळ्या घटनांत तयार झालेला आहे, हे या वर्गीकरणामुळे स्पष्ट होते.

खडक व खनिजे

घट्ट बेसाल्ट : लाव्हाथराच्या मध्यभागी सावकाश थंड झालेला हा खडक काळसर, बारीक कणांचा व जड असतो. थंड होताना तो आकसतो व त्यात उभ्या भेगा पडतात. त्यांना संधी म्हणतात. काही थरांत या संधींमुळे खडकाचे बहुकोनी खांब तयार होतात.

कुहरी बेसाल्ट : लाव्हातील वायू वर येऊन थराच्या माथ्याशी अडकल्यास खडकात बुडबुड्यांच्या आकाराच्या पोकळ्या राहतात. पुढे त्यांत झिरपलेल्या पाण्यामुळे झिओलाइट, कॅल्साइट व गारगोटी अशी पांढरी किंवा रंगीत खनिजे भरली जातात. काळ्या दगडावर पांढरे ठिपके दिसले, की तो भाग थराच्या माथ्याकडचा असावा असा प्राथमिक अंदाज बांधता येतो. कॅल्साइट चाकूच्या टोकाने सहज ओरखडले जाते, गारगोटी ओरखडली जात नाही. एवढ्या साध्या कसोटीने त्या दोन खनिजांमधील फरक ओळखता येतो.

महास्फटिकी बेसाल्ट : कळसूबाई उपगटातील काही थरांत प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजाचे काही सेंटिमीटर लांबीचे पाटीसारखे स्फटिक आढळतात. लाव्हा बाहेर येण्यापूर्वी भूगर्भातील कोठीत दीर्घकाळ राहिला व तेथे हे स्फटिक वाढले, असे मानले जाते. हे थर सहज ओळखू येत असल्याने स्तरसमूहांच्या सीमा ठरविण्यास त्यांचा उपयोग झाला आहे.

तांबडा थर : दोन लाव्हाथरांच्या मध्ये काही ठिकाणी विटकरी रंगाचा मऊ, मातकट पट्टा दिसतो. खालचा थर थंड झाल्यावर व वरचा थर येण्यापूर्वी जो काळ गेला, त्यात झालेल्या विदारणाची अथवा साचलेल्या राखेची ती खूण समजली जाते. उद्रेक अखंड नव्हते, त्यांच्यामध्ये खंड पडत असे, याचा हा सर्वांत सोपा पुरावा होय.

भित्ती : आधीच्या थरांना छेदून उभ्या भेगेत घट्ट झालेल्या लाव्हाच्या भिंतीसारख्या पट्ट्यास भित्ती म्हणतात. नाशिक ते पुणे या पट्ट्यात अशा भित्ती मोठ्या संख्येने आढळतात. आजूबाजूचा खडक व भित्ती यांची झीज कमी-अधिक वेगाने झाल्यास कधी उंच धार, तर कधी सरळ रेषेतील घळ तयार होते.

भूरूपे

कोकणकडा : घाटघर येथील कडा हा सह्याद्रीच्या पश्चिम उताराचा भाग आहे. अरबी समुद्राच्या बाजूचा भूभाग तुटून दूर गेल्यावर पश्चिमेकडे उंच कडा निर्माण झाला आणि कोकणातील वेगवान ओढ्यांच्या झिजेने तो हळूहळू पूर्वेकडे सरकला, असे स्पष्टीकरण दिले जाते. त्यामुळेच पश्चिमेस समुद्र तुलनेने जवळ असूनही कड्याच्या माथ्यावर उगम पावणारी प्रवरा पूर्वेकडे वाहते व गोदावरीतून बंगालच्या उपसागरास मिळते.

सांधण दरी : साम्रद गावाजवळची ही अतिशय अरुंद व खोल घळ आहे. दोन्ही बाजूंस बेसाल्टच्या उभ्या भिंती असून तळाशी कोसळलेल्या शिळांचा खच आहे. खडकातील उभ्या दुर्बल पट्ट्यांवर पाण्याने केलेल्या झिजेचे हे ठळक उदाहरण आहे. पावसाळ्यात घळीतून पाण्याचा लोंढा येत असल्याने त्या काळात आत उतरणे जीवघेणे ठरू शकते.

नेढे : रतनगडाच्या माथ्यावर खडकाला आरपार पडलेले मोठे छिद्र आहे. सुईच्या छिद्राला मराठीत नेढे म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. अरुंद धारेवरील खडक संधींलगत झिजून व निखळून अशी आरपार पोकळी तयार होते.

रंधा धबधबा : धरणाच्या खालच्या अंगास प्रवरा कड्यावरून खोल घळईत कोसळते. वरचा कठीण थर टिकून राहतो, खालचा तुलनेने मऊ थर आधी झिजतो आणि वरच्या थराचा आधार जाऊन त्याचे तुकडे पडतात. या क्रियेने धबधबा वर्षानुवर्षे उगमाच्या दिशेने मागे सरकतो.

पर्जन्य, खडक व पाणीटंचाई

घट्ट बेसाल्टच्या कणांमध्ये पाणी साठण्यास जवळजवळ जागा नसते. पाणी मुरते ते वरच्या मुरमात, संधींमध्ये आणि कुहरी थराच्या विदारण झालेल्या भागात. पठारी प्रदेशात हा मुरमाचा थर बराच जाड असू शकतो. भंडारदऱ्याच्या तीव्र उतारांवर मात्र माती व मुरूम पावसाबरोबर वाहून जातात व खाली उघडा कातळ राहतो. परिणामी पावसाचे बहुतेक पाणी ओढ्यांवाटे काही तासांत जलाशयात पोहोचते. मुरलेले थोडे पाणी घट्ट थरावर किंवा तांबड्या थरावर अडते व डोंगराच्या कुशीत झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. एकाच उंचीवर ओळीने झरे दिसणे, हे दोन थरांच्या संधीरेषेचे लक्षण असते.

हिवाळा सरताना हे झरे क्षीण होतात आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. जलाशयाचे पाणी वाड्यांच्या खालच्या पातळीवर असते व ते मुख्यतः लाभक्षेत्रातील सिंचनासाठी राखलेले असते. म्हणून महादेव कोळी व ठाकर समाजाच्या डोंगरावरील वस्त्यांतील स्त्रियांना पाण्यासाठी पायपीट करावी लागते. ज्या अभेद्य कातळामुळे धरणाला पाया मिळाला व जलाशयातील पाणी टिकून राहिले, त्याच कातळामुळे डोंगरावर पाणी साठत नाही. झऱ्यांच्या वरच्या बाजूस असलेले पाणलोट क्षेत्र राखणे, तेथील झाडोरा टिकविणे व झऱ्याच्या मुखाशी छोट्या टाक्या बांधणे हे उपाय या भूरचनेस अनुरूप आहेत. खोल विंधन विहिरींचे यश मात्र भेगा लागण्यावर अवलंबून असते. असे उपाय ठरविताना थरांचा उतार व तांबड्या पट्ट्यांची पातळी माहीत असणे आवश्यक असते. भूविज्ञानाचा स्थानिक जीवनाशी असलेला थेट संबंध येथे दिसतो.

जलाशयाभोवतीची सायकल सहल

जलाशयाभोवतीचा मार्ग शेंडी (भंडारदरा) येथून सुरू होऊन मुतखेलमार्गे रतनवाडी, तेथून साम्रद व घाटघर आणि उत्तर काठाने उडदावणे व पांजरे या गावांच्या बाजूने पुन्हा शेंडीस येतो. त्याची लांबी ४० किमी.हून अधिक आहे. मोटारीच्या वेगात रस्त्याकडेचे खडक नजरेआड होतात आणि पायी एका दिवसात पूर्ण फेरी कठीण जाते. सायकलच्या संथ गतीमुळे हवे तेथे थांबता येते. शिवाय चढ आला की थराचा कठीण भाग व सपाटी आली की पायरी, ही रचना सायकलस्वारास पायांच्या श्रमांतूनही जाणवते.

मार्गदर्शकासह केलेल्या अभ्याससहलीत पुढील थांबे उपयुक्त ठरतात.

१. विल्सन धरण, शेंडी : धरणाच्या भिंतीतील घडवलेले दगड व आजूबाजूचा मूळ कातळ यांची तुलना, नदीने कापलेल्या खिंडीचे निरीक्षण.

२. मुतखेल : रस्त्यासाठी कापलेल्या उतारांवर कातळापासून मुरूम व मुरमापासून माती कशी होते याचा क्रम. कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे सुटणारे गोलाकार दगड हे बेसाल्टच्या विदारणाचे नेहमीचे रूप आहे.

३. रतनवाडी : अमृतेश्वराचे मध्ययुगीन मंदिर काळ्या दगडात कोरलेले आहे. कोरीवकामासाठी बारीक कणांचा घट्ट बेसाल्ट का निवडला जातो, ते येथे समजते. येथूनच रतनगडाची वाट जाते.

४. साम्रद : सांधण दरीच्या मुखाशी उभ्या संधींचे निरीक्षण. सायकली गावात ठेवून पायी जावे लागते.

५. घाटघर : कोकणकड्यावरून समोरच्या कड्यांतील आडव्या थरांची मोजणी. येथील उदंचन जलविद्युत प्रकल्पाची क्षमता २५० मेगावॉट असून तो २००८ मध्ये कार्यान्वित झाला. त्याचा वरचा जलाशय कड्याच्या माथ्यावर व खालचा जलाशय ठाणे जिल्ह्यात कड्याच्या पायथ्याशी आहे. दोहोंमधील ४०० मी.हून अधिक उंचीच्या फरकाचा वापर करून वीजनिर्मिती होते आणि मागणी कमी असताना पाणी पुन्हा वर चढविले जाते.

६. उत्तर काठ : भातखाचरे व लाव्हाच्या पायऱ्या यांचा संबंध, कळसूबाई व अलंग–मदन–कुलंग यांच्या माथ्यांवरील थरांची तुलना.

सहलीसाठी भिंग, होकायंत्र, स्थलनिर्देशक नकाशा, वही व पुरेसे पिण्याचे पाणी एवढे साहित्य पुरते. प्रत्येक थांब्यावर थराचा रंग, जाडी, पोकळ्यांचे प्रमाण व पाण्याची खूण यांची नोंद केल्यास फेरीअखेर विद्यार्थ्याजवळ परिसराचा साधा स्तरछेद तयार होतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत अनुकूल असतो. पावसाळ्यात धबधबे पाहण्यास गर्दी होते. परंतु दाट धुके, निसरडे रस्ते व दरडी कोसळण्याची शक्यता यांमुळे तो काळ अभ्याससहलीस योग्य नाही. मे व जून महिन्यांत काजवे पाहण्यासाठी रात्री वाहनांची वर्दळ वाढते, तेव्हा अंधारात सायकल चालविणे धोक्याचे असते.

जलाशय व भूकंप

मोठ्या जलाशयांतील पाण्याचे वजन व खडकांतील भेगांत शिरणारे पाणी यांमुळे आधीच ताणाखाली असलेल्या भागात भूकंप होऊ शकतात. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना येथे झालेला भूकंप हे याचे जगप्रसिद्ध उदाहरण होय. शेजारच्या ठाणे जिल्ह्यातील भातसा जलाशयाच्या परिसरातही १९८३ मध्ये भूकंपाचे धक्के नोंदले गेले. कोयना परिसरात पुढे केलेल्या खोल छिद्रणात सुमारे ९३० मी. जाडीच्या बेसाल्टखाली ग्रॅनाइटी पायाखडक आढळला. सह्याद्रीतील ट्रॅपच्या जाडीविषयी त्यातून प्रत्यक्ष माहिती मिळाली.

विदर्भातील ट्रॅपशी तुलना

दख्खन ट्रॅपचाच विस्तार वऱ्हाडात आढळतो. वाशीम जिल्ह्याचा जवळजवळ सर्व भाग याच खडकावर आहे. आसेगावसारख्या मंगरुळपीर तालुक्यातील गावात विहीर खणताना लागणारी काळी माती, मुरूम व काळा पत्थर हा क्रम भंडारदऱ्याच्या रस्त्याकडेच्या उतारांवर उभा कापून ठेवल्यासारखा दिसतो. फरक आहे तो उताराचा व पावसाचा. वाशीमकडे जमिनीचा उतार मंद असल्याने विदारण झालेला थर जागेवर टिकतो व काळी कसदार जमीन तयार होते. सह्याद्रीत तोच थर वाहून जातो. अडाण व अरुणावती या वाशीम जिल्ह्यातील नद्या पैनगंगेस मिळतात. तिचे पाणी वर्धा व प्राणहिता या नद्यांतून गोदावरीत जाते. प्रवराही गोदावरीचीच उपनदी असल्याने ट्रॅपच्या या दोन टोकांचे पाणी अखेर एकाच नदीत एकत्र येते.

वाशीमच्या शेजारी बुलढाणा जिल्ह्यात लोणार सरोवर आहे. सुमारे १.८ किमी. व्यासाचे हे विवर उल्कापाताने बेसाल्ट खडकात निर्माण झाले आणि २०२० मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. एकाच खडकातील मानवनिर्मित जलाशय व आघातजन्य सरोवर यांची तुलना विद्यार्थ्यांस उद्बोधक ठरते.

संवर्धन

जलाशयाचा परिसर १९८६ मध्ये घोषित झालेल्या कळसूबाई–हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यालगत व अंशतः त्याच्या आत येतो. अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३६२ चौ. किमी. आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यातील नैसर्गिक संपत्तीची हानी करण्यास मनाई आहे. पोकळ्यांतील स्फटिक हातोडीने फोडून नेल्यास तो पुरावा कायमचा नष्ट होतो. झाडाप्रमाणे तो पुन्हा उगवत नाही. त्यामुळे नमुने गोळा करण्याऐवजी छायाचित्र, मोजमाप व रेखाटन यांवर भर दिला जातो.

भूवारसास्थळांच्या जतनासाठी केंद्र शासनाने २०२२ मध्ये स्वतंत्र विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध केला. कायद्याइतकेच महत्त्व स्थानिक मार्गदर्शकांना आहे. झऱ्यांच्या जागा, ओढ्यांची वळणे व कड्यांची नावे यांचे ज्ञान गावातील वयस्कांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. त्यास भूशास्त्रीय प्रशिक्षणाची जोड मिळाल्यास गावातील तरुणांना रोजगार मिळतो आणि येणारा पर्यटक धबधब्याबरोबर आटलेला झराही पाहून जातो.

हे सुद्धा पहा

दख्खन ट्रॅप
कळसूबाई
रतनगड
प्रवरा नदी
घाटघर
सांधण दरी
लोणार सरोवर